हिरव्या तेलाची गाडी

मावशींची गाडी सकाळी उठायची. हे अलंकारिक नाही. रात्रभर ती पोट जमिनीशी नेऊन पडलेली असे. किल्ली फिरवली की आधी मागचा भाग वर यायचा, मग पुढचा. अर्धं मिनिट लागायचं. तेवढा वेळ मावशी हात मांडीवर ठेवून बसायच्या.

शेजारचे म्हणायचे, "उंट उठला वाटतं."

"उठतोय ना? तुमची गाडी उठते का?" मावशी म्हणायच्या, आणि निघायच्या.

गाडी फ्रेंच होती. चोवीस वर्षांची. एका निवृत्त डॉक्टरांकडून मावशींनी ती घेतली, आणि डॉक्टरांनीही ती कुणाची तरी वापरलेलीच घेतली होती. रंग एके काळी निळा असावा. तिला स्प्रिंगा नव्हत्या. चार चाकांवर चार लोखंडी गोळे, गोळ्यांत गॅस, आणि त्यांना जोडणारं हिरवं तेल. तेच तेल गाडी उचलायचं. तेच स्टिअरिंग हलकं करायचं. ब्रेकही त्याच तेलाचे. एक पंप, एक टाकी, पाच लिटर तेल.

"एकाच्या पगारावर चाललेलं घर असतं ना," मावशींनी मला पहिल्यांदा बॉनेट उघडून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "तसं आहे हे."

मावशी आमच्या ग्रंथालयात बाइंडर होत्या. तळघरातल्या खोलीत एकतीस वर्षं. मी वरच्या मजल्यावर पुस्तकांची सूची करते. फाटकी पुस्तकं खाली नेऊन द्यायचं काम माझ्याकडे होतं, त्यातून ओळख झाली आणि मग दुपारचे डबे एकत्र उघडायला लागले. आमच्या वयात एकोणतीस वर्षांचं अंतर. मी साहित्याची पदवी घेतलेली म्हणून त्या मला 'साहित्यिक' म्हणायच्या. "साहित्यिक, तो पुठ्ठा धर." "साहित्यिक, गोंदाला हात नको लावू, वाळलाय म्हणून फसशील."

ही गाडी त्यांनी हौसेनं घेतली नव्हती. मोठ्या बहिणीसाठी घेतली होती.

मोठ्या मावशी शाळेत भूगोल शिकवायच्या. निवृत्तीनंतर दोन वर्षांत त्यांची हाडं पोकळ व्हायला लागली. मणके खडूसारखे झालेत, असं डॉक्टर म्हणाले. मोठ्या मावशींनी ते उचललं. "जन्मभर हातात खडू धरला, आता पाठीत आलाय." दर तीन आठवड्यांनी त्यांना एक इंजेक्शन लागे. ते डोंगरापलीकडच्या रुग्णालयातच मिळायचं, घरापासून बावन्न किलोमीटरवर. औषध त्याच दिवशी सकाळी त्यांच्या नावानं कालवून ठेवत. दुपारी बारापर्यंत टिकायचं. नंतर फेकून द्यायचं.

एकदा फेरी चुकली होती. दहा दिवसांनी अंथरुणात कूस बदलताना दोन मणके बसले. पुढच्या खेपेला अँब्युलन्सनं नेलं. गतिरोधकावर तिसरा गेला. मोठ्या मावशी चार महिने पाठीवर होत्या. त्यानंतर मावशींनी ही गाडी शोधून काढली. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की हिच्यात बसलं तर रस्ता कळत नाही.

खरंच कळायचा नाही. या गाडीतून एकोणीस फेऱ्या झाल्या. एकही मणका गेला नाही.

*

विसाव्या फेरीच्या आधी शनिवारी मावशी गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेल्या. त्या गाडीला हात लावणारा गावात तो एकटाच होता. त्यानं टाकीजवळचा एक रबरी पाइप बोटानं दाबून दाखवला. वापरून झालेलं तेल टाकीत परत आणणारा पाइप. बारीक चिरा पडल्या होत्या. हिरवं तेल पाझरत होतं.

"नवा मागवतो. तीन आठवडे."

"बुधवारी फेरी आहे."

"बुधवारी नका जाऊ मग."

"बरं," मावशी म्हणाल्या.

सोमवारी दुपारी त्यांनी मला ग्रंथालयाच्या मागच्या आवारात नेलं. हातात बाइंडिंगचं कापड, गोंदाची वाटी, तागाचा दोरा. मी टॉर्च धरला. त्यांनी पाइप पुसून घेतला, कापडाची पट्टी गोंद लावून तिरकी गुंडाळली आणि वरून दोरा भरायला घेतला. दोऱ्याला मेण लावायचं काम माझं. मेणाच्या गोळ्यावरून मी दोरा ओढत होते. त्या वेढ्याशेजारी वेढा बसवत होत्या, मधे केसाइतकीही फट नाही. शेवटी पुस्तकाच्या शिवणीला मारतात ती गाठ मारली.

"मेणाचा दोरा सरकत नाही," त्या म्हणाल्या. "गाठ धरून ठेवतो."

"मिस्त्रीला सांगणार?"

"काय सांगायचं त्यात? तो म्हणेल, पुस्तक आहे का हे."

"आणि मोठ्या मावशींना?"

त्यांनी बॉनेट खाली घेतलं. "तिला कशाला घोर?"

मला ते काम फार देखणं वाटलं होतं. तसं मी बोलूनही दाखवलं.

*

बुधवारी सोबत जायला शेजारणीला जमत नव्हतं, म्हणून मी गेले. माझं काम साधं होतं. मागच्या सीटवर मोठ्या मावशी अर्धवट आडव्या असत, त्यांच्या कमरेमागच्या दोन उशा जागेवरून हलू द्यायच्या नाहीत.

साडेआठला निघालो. चढ संपेपर्यंत मोठ्या मावशी माझी परीक्षा घेत होत्या.

"हा डोंगर कशाचा बनलाय?"

"दगडाचा."

"छोटे, हिला कुणी पदवी दिली गं?"

"ताई, तिला कविता विचार."

"कवितेत डोंगर असतातच की. कशाचे असतात ते एकाही कवीला माहीत नसतं."

माथ्यावरून गाडी उताराला लागली. पाचव्या वळणानंतर स्टिअरिंगमागे लाल दिवा लागला. मोठा, चौकोनी. मागच्या सीटवरूनही मला दिसला.

मावशींनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. इंजिन ओरडलं.

"गिअर का पाडलास?" मोठ्या मावशींनी विचारलं.

"उतार आहे."

"उतार मघापासून आहे."

मावशींनी ब्रेक दाबला. ओठातल्या ओठात म्हणाल्या, "एक."

तो दिवा कशाचा ते मला माहीत होतं. पंपाकडून तेल येणं थांबलं की तो लागतो. मग पंपाशेजारच्या पाचव्या गोळ्यात साठून राहिलेल्या दाबावर जेवढे ब्रेक लागतील तेवढेच. नव्या गाडीत बरेच लागतात. मिस्त्रीनं मावशींना सांगून ठेवलं होतं, या वयात दहा धरा. हँडब्रेक वेगळा, तारेचा होता. पण या उतारावर तो ओढला तर गाडी हिसका देऊन थांबणार. हिसका म्हणजे काय ते आम्हा तिघींनाही ठाऊक होतं.

"दोन."

स्टिअरिंग जड झालं होतं. मावशी खांद्यातून गाडी वळवत होत्या. त्यांच्या मानेची शीर वर आली होती. मी उशांवर दोन्ही हात दाबून धरले.

"तीन. चार."

"काय मोजतेयस?"

"वळणं."

"पाच वळणं झाली. तू चार म्हणालीस."

"ताई, गप्प बस जरा."

मला वाटतं तेव्हाच मोठ्या मावशींना कळलं. त्यांनी माझं मनगट धरलं. पुढच्या वळणावर खालून ट्रक वर येत होता, रस्त्याच्या मधोमध. मावशींनी हॉर्नवर तळवा ठेवला तो उचललाच नाही. पाच. सहा. ट्रकचा आरसा आमच्या काचेजवळून गेला.

"सात."

खाली रस्ता जरा सपाट होत होता. तिथे एक पंक्चरचं दुकान होतं, पुढे मोकळी जागा. आठव्या वेळी पेडल आत गेलं, पण गाडीनं उशिरा ऐकलं. मग मावशींनी हँडब्रेक घेतला. एकदम नाही. एक खटका. मग दुसरा. मग तिसरा. गाडी दुकानाच्या दारात ठेवलेल्या टायरांपाशी इतकी हळू थांबली की थांबली हे मला मागाहून कळलं.

दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. रुग्णालय अठरा किलोमीटर राहिलं होतं.

*

बॉनेट उघडलं. आत सगळं हिरवं झालं होतं. मावशींनी भरलेला दोरा पाइपवरून ओल्या केसांसारखा लोंबत होता. गाठ तेवढी होती. ती कशालाच धरून नव्हती.

मावशींनी दोरा दोन बोटांत चोळला.

"मेण गेलं," त्या म्हणाल्या. "गरम तेलात गेलं." थोडं थांबून म्हणाल्या, "चामड्याच्या कव्हरवर मेण सांडलं तर मी ते कशानं काढते? सांग."

मला माहीत होतं. कोमट तेलाच्या बोळ्यानं. हजार वेळा पाहिलं होतं. मीही तो दोरा मेणावरून ओढला होता, आणि मलाही सुचलं नव्हतं.

पंक्चरवाला हात पुसत आला. त्यानं वाकून गाडीखाली पाहिलं. गाडी हळूहळू खाली बसत चालली होती.

"चारही पंक्चर?"

"नाही. अशीच आहे ती."

"बसतेय ती, बाई."

"बसू दे. हा एवढा जाड पाइप आहे का तुमच्याकडे? आणि दोन क्लिपा?"

पाइप होता. ट्रकचा, जुना, पण धड. मावशींनी तो वीतभर कापला आणि क्लिपा आवळल्या. दहा मिनिटांचं काम. शनिवारीच करता आलं असतं. हे त्यांनीच म्हटलं, माझ्याकडे न बघता.

आता तेल. डिकीत हिरव्या तेलाचा एक लिटरचा डबा असायचा. तो रिता केला. टाकीतल्या काडीवर तेल दिसेना. आणखी दोन लिटर तरी हवं होतं. मावशींनी मिस्त्रीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, कारण हात तेलकट होते.

"दोन लिटर आहे माझ्याकडे," मिस्त्री म्हणाला. "मोटरसायकलवरून घेऊन येतो. दोन तास धरा."

"बाराला औषध फेकतात."

"मग काय करू, उडू?"

पंक्चरवाला दुकानात जाऊन लिटरचे दोन डबे घेऊन आला. "ब्रेकचंच हवंय ना? हे घ्या. ब्रेक ऑइल. सगळ्या गाड्यांना चालतं."

फोनमधून मिस्त्री ओरडला, "नाही! बाई, ते नाही! आतलं सगळं रबर सुजेल त्यानं. एकेक वॉशर फुगून फुटेल."

"दुसरं काही? इंजिनचं?"

"इथे ट्रकचं जाड आहे," पंक्चरवाला म्हणाला.

"जाड पंपातून चढणार नाही," मिस्त्री म्हणाला. "थांबा तिथेच. मी निघतो."

"ब्रेक ऑइल ओतलं तर आज चालेल का?"

"बाई, नको म्हणतोय ना."

"आज चालेल का, एवढंच सांगा."

"आज चालेल. आठ-दहा दिवस चालेल. मग कधीच नाही चालणार. धुऊन काढायला बारा लिटर हिरवं लागतं, ते मागवेपर्यंत रबर गेलेलं असेल. आणि या गाडीचं रबर आता कुठेच मिळत नाही. बाई, ऐकताय ना?"

मावशींनी फोन बंद केला.

मागच्या दाराची काच खाली होती. मोठ्या मावशींनी सगळं ऐकलं होतं. गाडी इतकी खाली आली होती की मावशींना त्यांच्याशी बोलायला उकिडवं बसावं लागलं.

"कुणी बांधलं होतं ते?" मोठ्या मावशींनी विचारलं.

"मी."

"मिस्त्री काय म्हणाला होता?"

"जाऊ नका म्हणाला होता."

"हे मला आज सांगतेयस. इथे."

मावशी बोटांवरचं हिरवं तेल पुसत राहिल्या.

"ऐक," मोठ्या मावशी म्हणाल्या. आवाज वर्गातला होता. "आज ओतलंस तर एक इंजेक्शन मिळेल. नाही ओतलंस तर एक बुडेल आणि पुढची सगळी मिळतील. हिशोब साधा आहे. मिस्त्रीची वाट बघ."

"गेल्या वेळी एकच बुडालं होतं."

"गेल्या वेळचं गेल्या वेळी."

"दोन मणके गेले, ताई. कूस बदलताना."

"माझे गेले. तुझे नाही." मग जरा हळू, "ओतू नकोस. मी सांगतेय. पाठ माझी आहे."

मावशी उठल्या. मला वाटलं, झालं. आता थांबायचं. मी घड्याळ पाहिलं. साडेदहा.

मी मावशींना चार वर्षं काम करताना पाहिलं होतं. पुस्तकाला त्या कधी बाजारातला चिकट गोंद लावायच्या नाहीत. खळच लावायच्या, पाण्यानं सुटणारी. म्हणायच्या, माझ्यानंतर कुणाला हे उघडायचं असेल तर उघडता आलं पाहिजे. जे परत काढता येत नाही ते लावणारा बाइंडर नाही, गवंडी. एकदा एका चिकटपट्टी लावलेल्या पानासाठी त्या ग्रंथपालांशी आठवडाभर बोलल्या नव्हत्या.

त्यांनी पंक्चरवाल्याच्या हातातून डबा घेतला. झाकण फिरवलं. टाकीच्या तोंडावर धरला आणि ओतला. शेवटचा थेंब पडेपर्यंत धरून ठेवला. मग दुसरा.

दोन्ही तेलं एकमेकांत मिसळली नाहीत. हिरवं आणि पिवळं वेगवेगळंच दिसत राहिलं.

"बाई, तुमच्या माणसानं नको सांगितलं ना?" पंक्चरवाला म्हणाला.

"सांगितलं," मावशी म्हणाल्या. "दोघांनी."

त्यांनी किल्ली फिरवली. लाल दिवा लागलेलाच होता. एक मिनिट गेलं. पंप खडखडला. मग दिवा विझला आणि आम्ही वर आलो.

*

अकरा चाळीसला पोचलो. इंजेक्शन झालं. फोटो काढले. मणके होते तसेच होते. डॉक्टर म्हणाले, छान. मोठ्या मावशी डॉक्टरांकडे बघून हसल्या, मावशींकडे नाही. परतीचा रस्ता त्याच गाडीनं, त्याच तेलावर, तितकाच मऊ. घराशी उतरताना मोठ्या मावशींनी आधारासाठी माझा खांदा धरला. मावशींनी पुढे केलेला हात तसाच राहिला.

गुरुवारी मिस्त्रीनं टाकीत टॉर्च मारून पाहिलं आणि झाकण लावलं. "तीन-चार दिवस ब्रेकवर भरवसा ठेवा. त्यापुढे मी जबाबदार नाही."

"रविवारपर्यंत?"

"रविवारी कुठे जायचंय? फेरीला वीस दिवस आहेत अजून."

मावशींनी सांगितलं नाही. मलाही नाही. शुक्रवारी त्या कामावर आल्या नाहीत. बसनं डोंगरापलीकडे गेल्या होत्या. शनिवारी तळघरात गेले तर त्या हत्यारं पुसून पेटीत ठेवत होत्या. दाबयंत्रावर कुणाचं तरी अर्धवट शिवलेलं पुस्तक होतं. ते त्यांनी दुपारपर्यंत पुरं केलं. मग एक पाकीट माझ्या हातात दिलं.

"सोमवारी वर दे."

"रजेचा अर्ज?"

"दे म्हटलं ना, साहित्यिक."

पाकीट चिकटवलेलं नव्हतं. मी उघडलं. तीन ओळींचा राजीनामा होता. मी पुन्हा वाचला. मावशी तोवर पेटीचे खटके लावून जिना चढत होत्या.

रविवारी सकाळी निघालो. सामान आदल्या दिवशी टेम्पोनं गेलं होतं. मोठ्या मावशींना एवढंच सांगितलं होतं की रुग्णालयाजवळ खोली घेतली आहे, आता डोंगर ओलांडायचा नाही. बुधवारपासून त्या मावशींशी बोलत नव्हत्या. काही हवं असलं तर मला फोन करून सांगायच्या, मग मी मावशींना.

चढावर सगळं ठीक होतं. माथ्यावर मावशींनी गाडी थांबवली. उतरून चारही चाकांपाशी वाकून पाहिलं. मागच्या उजव्या चाकाच्या आत ओलं दिसत होतं. त्यांनी बोट लावून वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. सांगू नकोस, अशी. मग थबकल्या. मागच्या खिडकीपाशी गेल्या.

"ताई, मागून गळतंय. थोडं. ब्रेक आहेत. घाट उतरायचा की इथे थांबून दुसरं काही बघायचं?"

मोठ्या मावशी समोरच बघत मला म्हणाल्या, "तिला सांग, उतर म्हणून. हळू."

पूर्ण उतार दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. मागून येणारे हॉर्न वाजवत होते, पुढे जाताना आत डोकावत होते. पंक्चरचं दुकान गेलं. दिवा लागला नाही. गावाच्या वेशीशी लागला आणि विझला. रुग्णालयामागच्या गल्लीत लागला तो विझलाच नाही. ब्रेक किती उरले ते मावशींनी मोजलं नाही. शेवटची शंभर पावलं गाडी इंजिन बंद पडेल इतकी हळू गेली.

खोली तळमजल्यावर होती. एकच, पण मोठी. मोठ्या मावशींना पलंगावर टेकवलं. त्यांनी चारही भिंती पाहून घेतल्या. कोपऱ्यात हत्यारांची पेटी होती आणि दाबयंत्र, मावशींचं स्वतःचं, घरून आणलेलं.

मोठ्या मावशींची नजर त्यावर थांबली. चार दिवसांत पहिल्यांदा त्या बहिणीशी बोलल्या.

"हे इथे कशाला?"

"काम करायला."

"आणि नोकरी?"

"सोडली."

"मला विचारलंस?"

"नाही."

"परत?"

"परत," मावशी म्हणाल्या.

बाहेर कुणीतरी गाडीचं बॉनेट थोपटत होतं, ही कुणाची, इतकी खाली का, असं विचारत होतं. मोठ्या मावशींनी डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या.

"पलंग भिंतीकडे घे," त्या म्हणाल्या.

मावशींनी आणि मी पलंग उचलून, हिसका न देता, बोटभर बोटभर सरकवला.

"अजून."

"एवढा बास आहे, ताई. उजेड जाईल."

"अजून घे. मधे जागा नको का? तू काय पेटीवर झोपणार आहेस?"